पावसाळ्यानंतर गच्चीवरून पुन्हा आकाशछायाचित्रण: सुरुवात कशापासून करावी?

बोरिवलीची गच्ची (मूळ प्रश्न)

नमस्कार. जूनमध्ये मुंबईत पाऊस स्थिरावला तेव्हा मी दुर्बीण, माउंट आणि कॅमेरा असे सगळे साहित्य बंद करून कपाटात ठेवले होते; ते आता ऑक्टोबरात बाहेर काढत आहे. मधल्या महिन्यांत एखादी रात्र तासाभरासाठी उघडलीही असेल, परंतु साहित्य गच्चीवर नेऊन जुळवेपर्यंत पुन्हा ढग येणार, हे ठरलेलेच असल्यामुळे मी काही केले नाही. गेल्या काही संध्याकाळी मात्र आकाश खरोखर मोकळे झाले आहे. दिवसा उकाडा वाढला आहे आणि अंधार पडताच श्रवण व अभिजित माथ्याजवळ स्पष्ट दिसू लागले आहेत.

माझ्याकडे ८० मिमी व्यासाची आणि ४८० मिमी फोकल लेंग्थची अपवर्तक दुर्बीण, संगणकावरून चालणारा विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्यासोबत दुर्बीण फिरवणारी बैठक), छोटा गाइडस्कोप (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारायला मदत करणारी दुर्बीण) आणि थंड करता येणारा रंगीत कॅमेरा आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर ११.३ मिमी बाजूचा चौरस असून पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे आहेत. हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजन-३ या दोन रेषांचाच (ठरावीक तरंगलांबींचा) प्रकाश आत येऊ देणारा ड्युअल-बँड फिल्टरही आहे. आमच्या गच्चीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे त्या बाजूचे आकाश त्यातल्या त्यात काळे आहे. पश्चिमेला मात्र सगळे शहर आहे.

काल टॉर्च लावून पाहिले तेव्हा दुर्बिणीच्या वस्तुभिंगावर (पुढच्या मोठ्या भिंगावर), बहुधा आतल्या बाजूला, काही फिकट ठिपके दिसले. ते बुरशीचे आहेत की ओल सुकल्याचे, हे मला ठरवता येत नाही. दुसरी अडचण अशी की उत्तरेला पुनर्विकासात उभा राहिलेला मनोरा या पावसाळ्यात इतका वर गेला आहे की आमच्या गच्चीवरून ध्रुवतारा दिसणे बंद झाले आहे, त्यामुळे माउंटची ध्रुवजुळणी, म्हणजे त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखणे, कशी करावी हा प्रश्न आहे. शिवाय मे महिन्यात घेतलेल्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली, सेन्सरचे दोष वजा करण्यासाठीची छायाचित्रे) आता चालतील का, आणि पहिल्या रात्री कोणते लक्ष्य घ्यावे, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. मुंबईत निरभ्र आणि चंद्रविरहित रात्री मुळातच मोजक्या मिळतात, म्हणून त्या योग्य क्रमाने वापराव्यात अशी माझी इच्छा आहे.

जुना भिंगवाला

आपण आधी भिंगाचा विचार करत आहात हे योग्यच आहे, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभर थांबू शकतात, परंतु बुरशी असेल तर ती थांबत नाही.

ओळखण्याची रीत अशी. खोली अंधारी करावी, नळीच्या मागच्या टोकाकडून टॉर्चचा प्रकाश तिरका टाकावा आणि समोरून भिंगाकडे पाहावे. बुरशी असल्यास एका बिंदूतून फुटलेले, फांद्यांसारखे पसरणारे बारीक तंतू दिसतात. ओल सुकून राहिलेला डाग कडेला ठळक आणि मध्ये मोकळा असतो, त्याला तंतू नसतात. धूळ तर सुट्या कणांच्या रूपात लगेच कळते. बुरशीला वाढायला दमट हवा लागते आणि सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की तिची वाढ सुरू होते; मुंबईत जून ते सप्टेंबर घरातली हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. बोटांचे ठसे आणि धुळीतले सेंद्रिय कण हे तिचे खाद्य असते. वाढताना ती जे आम्ल सोडते, त्याने भिंगावरचा लेप आणि पुढे काचही कोरली जाते. म्हणून डाग लहान असतानाच दखल घ्यावी.

मात्र एक विनंती आहे. डाग वस्तुभिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर फुंकणीने धूळ उडवून, भिंगासाठीच्या द्रवाने आणि स्वच्छ मऊ कापडाने, दाब न देता तो पुसता येईल. परंतु डाग दोन भिंगांच्या मध्ये असेल तर भिंगाची पेटी घरी उघडू नये. त्यातील भिंगांमधले अंतर आणि त्यांची एकमेकांसापेक्ष दिशा कारखान्यात जुळवलेली असते आणि ती बिघडली तर ताऱ्यांचा आकार कायमचा बिघडतो. ते काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे. बुरशी मरावी म्हणून भिंगाला ऊन दाखवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याबाबत एवढेच सांगतो की कॅमेरा किंवा आयपीस लावलेली नळी कोणत्याही कारणाने सूर्याकडे रोखू नये.

आता दिलासा देणारी बाब. वस्तुभिंगावरचे दोन-चार लहान ठिपके छायाचित्रात ठिपके म्हणून उमटत नाहीत, कारण त्या जागी प्रतिमा तयार होत नसते. ते फक्त थोडा प्रकाश विखुरतात आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती फिकट प्रभा वाढवतात. छायाचित्रात दिसणारी काळी वलये सेन्सरच्या जवळच्या धुळीमुळे येतात. सेन्सरपासून धुळीचे अंतर भागिले दुर्बिणीचा फोकल रेशो, असा त्या वलयाच्या व्यासाचा साधा हिशेब आहे. आपली दुर्बीण एफ/६ आहे (फोकल लेंग्थ ४८० भागिले व्यास ८०). फिल्टरवरचा कण सेन्सरपासून ३० मिमीवर असेल तर सेन्सरवर सुमारे ५ मिमीचे वलय पडेल. यावरून कोणता पृष्ठभाग पुसायचा ते कळते आणि बाकीचे पृष्ठभाग उगाच हाताळले जात नाहीत. म्हणजेच दुरुस्तीसाठी भिंग देण्याआधी आपण हा मोसम सुरू करू शकता, फक्त तंतू पसरत आहेत का यावर लक्ष ठेवावे.

पुढील पावसाळ्यासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट घेता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात आर्द्रतामापक आणि नारंगी रंगाची सिलिका जेल, एवढ्यानेही काम भागते. जेल हिरवट झाली की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवावी, म्हणजे ती पुन्हा नारंगी होते. दुर्बिणीसोबत मिळणाऱ्या फोमच्या पेटीत मात्र पावसाळाभर काहीही ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो.

ध्रुवमत्स्य

मी ध्रुवजुळणीविषयी लिहितो. मुंबईचा अक्षांश १९ अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो, आणि त्यामुळे या शहरात ही अडचण जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतेच. समोरची इमारत ६० मीटरवर असेल तर ती आपल्या गच्चीपेक्षा साधारण २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजले उंच झाली की ध्रुव झाकला जातो. पुनर्विकासाचा सध्याचा वेग पाहता उत्तर मोकळी राहील या भरवशावर कोणतीही पद्धत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर आज दोन चांगले मार्ग आहेत. पहिला म्हणजे तीन छायाचित्रांवरून जुळणी करणारे सॉफ्टवेअर. कॅमेरा आणि माउंट चालवणाऱ्या निना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीचे प्लगइन आहे, आणि असीएअर हे त्याच कामाचे छोटे उपकरण वापरणाऱ्यांना त्यातच ही सोय मिळते. माउंट विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या) अक्षावर फिरवत आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागाची तीन छायाचित्रे घेतली जातात, त्यांतील तारे ओळखून प्रत्येक छायाचित्राचा मध्य काढला जातो, आणि त्यावरून माउंटचा अक्ष प्रत्यक्ष ध्रुवापासून किती कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ढळला आहे हे पडद्यावर दिसते. ध्रुवतारा दिसण्याची गरजच राहत नाही. आपल्याकडे पूर्वेचे आकाश मोकळे आहे, तेवढे पुरेसे आहे.

दुसरा मार्ग जुना, वेळखाऊ, पण संगणकाने ऐनवेळी दगा दिला तरी हाताशी राहणारा आहे: ताऱ्याच्या सरकण्यावरून जुळणी. मध्यमंडलाजवळ (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ), खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा तारा घ्यावा आणि गाइडिंग (गाइडस्कोपवरून होणारी आपोआप दुरुस्ती) बंद ठेवून त्याकडे पाहत राहावे. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर माउंटचा अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला वळलेला आहे, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. ते दुरुस्त झाले की पूर्व क्षितिजावरून थोडा वर आलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर आहे. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी स्वतंत्र साधन असून त्यातील आलेखावर हे सरकणे अगदी स्पष्ट दिसते. एकदा नीट जुळणी झाली की ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा गच्चीवर ऑइलपेंटने आखून ठेवाव्यात. पुढच्या वेळी निम्मे काम तिथेच होते. सोसायटीला आधी सांगून ठेवलेले बरे.

अक्ष १९ अंशांवर आणला की तो बराच आडवा होतो आणि काही माउंटमध्ये काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. अंधारात गच्चीवर हे कळण्यापेक्षा दिवसा घरीच सगळे जोडून, माउंट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावा. त्याच वेळी सर्व केबलींची टोके तपासावीत. चार महिन्यांच्या दमट आणि खाऱ्या हवेने पिना काळवंडतात, मग माउंट मध्येच थांबतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. हँड कंट्रोलरमध्ये घड्याळाचा छोटा सेल असेल तर तो बदलावा, आणि तारीख, वेळ व स्थान पुन्हा तपासून घ्यावे.

बोरिवलीची गच्ची

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तिरका प्रकाश टाकून पाहिले. डागांना तंतू दिसत नाहीत, कडा मात्र ठळक आहेत, म्हणजे ते ओलीचे असावेत असे वाटते. तरीही लक्ष ठेवीन. तीन छायाचित्रांची पद्धत आजच बसवून घेते. आता डार्क फ्रेम आणि लक्ष्य हे दोन मुद्दे उरले. मनातून देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका घ्यावी असे फार वाटते, कारण ती अंधार पडल्यावर उद्यानाच्या बाजूनेच वर येते.

हंसाची शेपटी

देवयानीची ओढ मी समजू शकतो, पण गच्चीवरून ती घेऊ नये असे मी आग्रहाने म्हणेन. एक कारण साधे आहे: आपल्या दुर्बीण-कॅमेऱ्याच्या जोडीत सुमारे १.३५ अंशांचे क्षेत्र मावते आणि देवयानी दीर्घिका तीन अंशांहून लांब आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दीर्घिकेचा प्रकाश हा अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश असल्यामुळे तो सर्व तरंगलांबींमध्ये पसरलेला असतो, आणि शहरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाशही तसाच पसरलेला असतो. या दोघांना वेगळे करू शकेल असा फिल्टर नाही. कृत्तिकांभोवतीचा निळसर धूसर मेघदेखील ताऱ्यांचा परावर्तित प्रकाशच असल्याने त्यालाही हेच लागू होते.

आकडे मांडून पाहू. आकाशाचा उजेड ‘प्रत’ या मापात मोजतात, आकडा जितका मोठा तितके आकाश काळे. उपनगरातल्या आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) १८ प्रतीची धरली आणि सह्याद्रीपलीकडे भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी ती २१ धरली, तर फरक तीन प्रतींचा होतो. एक प्रत म्हणजे सुमारे २.५१ पट, त्यामुळे तीन प्रती म्हणजे जवळपास १६ पट. छायाचित्रातला गोंगाट (दाणेदार खरखर) मुख्यतः आकाशाच्या पार्श्वभूमीतून येत असल्याने, तिथे एका तासात जेवढी स्पष्टता मिळेल तेवढीच मिळवण्यासाठी इथे १६ तास लागतील. एका दीर्घिकेसाठी गच्चीवरच्या इतक्या रात्री खर्च करण्यापेक्षा ती एका सहलीसाठी राखून ठेवावी.

याउलट उत्सर्जन तेजोमेघ (स्वतः चमकणारे वायूचे ढग) आणि ग्रहीय तेजोमेघ (ताऱ्याने अखेरीस बाहेर फेकलेला वायू) आपला प्रकाश मोजक्या रेषांमध्येच देतात: हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला आणि ऑक्सिजन-३ ची मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरला. आपला ड्युअल-बँड फिल्टर समजा सात-सात नॅनोमीटरच्या पट्ट्या सोडत असेल, तर दृश्य प्रकाशाच्या ४०० ते ७०० या टप्प्यातील फक्त १४ नॅनोमीटर आत येतात. शहराचा प्रकाश साधारण विसाव्या हिश्शावर येतो आणि तेजोमेघाचा प्रकाश मात्र जवळजवळ पूर्ण मिळतो. मुंबईतल्या गच्चीवर या फिल्टरइतका उपयोगी दुसरा खर्च मला तरी माहीत नाही.

म्हणून पहिले लक्ष्य माझ्या मते जंबुक तारकासमूहातील एम२७, म्हणजे डंबेल तेजोमेघ, हे असावे. चार्ल्स मेसिए यांनी १७६४ मध्ये नोंदवलेला हा पहिला ग्रहीय तेजोमेघ. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) उत्तर २२.७ अंश असल्याने तो मुंबईच्या माथ्यापासून चार अंशांच्या आतून जातो. ऑक्टोबरच्या मध्यास अंधार पडतो तेव्हा तो जवळजवळ माथ्यावरच असतो, म्हणजे त्याच्यासाठी हवेचा सर्वांत पातळ थर आणि शहराच्या उजेडाचा सर्वांत कमी भाग मध्ये येतो. नंतर तीन तास तो ४५ अंशांच्या वर राहतो. आकाराने तो लहान आहे, सुमारे आठ कला, पण तेजस्वी आहे; फोकस, गाइडिंग किंवा ध्रुवजुळणीत काही उणे असेल तर त्याच्या भोवतीच्या भरगच्च तारांगणात ते लगेच दिसते. मोसमाच्या पहिल्या रात्री हेच हवे असते.

ते जमले की हंस तारकासमूहातील व्हेल तेजोमेघाचा पूर्वेकडचा भाग, एनजीसी ६९९२, घ्यावा. तो आपल्या क्षेत्रात नेमका मावतो आणि ऑक्सिजनची रेषा त्यात भरपूर आहे. डिसेंबर-जानेवारीत रोझेट तेजोमेघ संध्याकाळनंतर उद्यानावरून वर येईल. तोही आपल्या चौकटीत बसतो. फिल्टरसह एफ/६ ला प्रत्येक एक्स्पोजर १८० ते ३०० सेकंदांचे ठेवावे. फिल्टर न लावता एम१५ सारखा गोलाकार तारकागुच्छ घ्यायचा असेल तर मात्र ३० सेकंदही पुरेत, त्यापुढे पार्श्वभूमीच पांढरी होऊ लागते.

डार्क फ्रेमबाबत: जुन्या मास्टर डार्कला (अनेक डार्क फ्रेमची सरासरी) फेकू नका, तपासा. त्याच तापमानाला, त्याच गेनला (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आणि तेवढ्याच वेळेची एक नवी डार्क फ्रेम घेऊन तीतून जुनी वजा करावी. एकसारखा करडा पडदा उरला तर जुनी चालेल, ठिपके उरले तर सेन्सरमधले उष्ण पिक्सेल बदलले आहेत असे समजून नवा संच घ्यावा. त्यासाठी निरभ्र रात्र खर्च करण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याला झाकण लावून ढगाळ रात्री घरातच तो घेता येतो. तापमान मात्र विचारपूर्वक ठरवावे. परदेशी सल्ल्यांमध्ये उणे १० किंवा उणे २० अंश लिहिलेले असते, परंतु ऑक्टोबरात रात्री नऊ वाजता मुंबईत २८ अंश असतात, आणि असे कॅमेरे सभोवतालच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंशांपर्यंतच खाली जाऊ शकतात. उणे १० मागितले तर कूलर पूर्ण क्षमतेने चालूनही तापमान डळमळत राहील. शून्य अंश ठेवावे आणि संपूर्ण संच शून्याचाच करावा. जानेवारीत हवे तर उणे १० चा वेगळा करता येईल. थंड करताना सेन्सरच्या मध्यावर धूसर डाग वाढताना दिसला तर कॅमेऱ्याच्या कक्षात ओल शिरली आहे, मग त्यातील शोषक गोळ्या सुकवाव्या किंवा बदलाव्या लागतील. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाची, धुळीची वलये काढण्यासाठीची छायाचित्रे) तर मे महिन्यातल्या अजिबात चालणार नाहीत, कारण मध्ये सगळे सुटे केले आहे आणि धूळ जागा बदलते.

तारखांविषयी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ऑक्टोबरात मुंबईच्या आकाशावर आपल्या सणांचा परिणाम होतो. नवरात्राची सुरुवात अमावास्येनंतर होते, म्हणजे चंद्र आड येत नाही, पण बोरिवली-कांदिवलीत गरब्याच्या मैदानांवरचे दिवे आणि धूळ दोन्ही असते. दिवाळीची अमावास्या काळोखी असली तरी फटाक्यांचा धूर खालच्या हवेत दिवसचे दिवस राहतो. या दोहोंच्या मधला कोजागिरीनंतरचा वद्य पक्ष हा माझ्या मते गच्चीसाठी वर्षातला सर्वांत मोलाचा काळ आहे. वद्य पंचमीला चंद्र रात्री दहाच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा, त्यामुळे पंचमीपासून वसुबारसेपर्यंतच्या संध्याकाळी काळोख्या मिळतात, आणि पावसाने धुतलेली हवा अजून धुळीने भरलेली नसते. पुढे डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र दिसले तरी थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून धुरके साचते. पारदर्शकतेच्या दृष्टीने ते महिने वाटतात तितके चांगले नसतात.

देवयानीसाठी पहिल्या अमावास्येच्या आसपास शहराबाहेर जावे. खगोल मंडळ ही संस्था कित्येक वर्षे वांगणीला रात्रभराची आकाशदर्शने घेत आली आहे. बदलापूर-अंबरनाथकडचा उजेड आता तिथेही पोहोचतो, तरी बोरिवलीशी तुलना होऊ शकत नाही. क्षेत्रात न मावणारी दीर्घिका दोन-तीन चौकटींत घेऊन जोडता येईल.

मुलुंडची सातवी मजल

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीचा उल्लेख राहिला आहे. मुंबईची हवा पारदर्शक नसली तरी ती अनेकदा विलक्षण स्थिर असते. समुद्रकाठामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी असतो, आणि इथून ग्रह आकाशात पुष्कळ उंच जातात. ग्रहांना आणि चंद्राला शहराच्या उजेडाने काहीही फरक पडत नाही. शनीच्या कड्यांचे प्रतल मार्च २०२५ मध्ये पृथ्वीच्या पातळीतून गेले, म्हणजे कडी कडेने, रेघेसारखी दिसण्याची स्थिती आली, त्यानंतर ती कडी हळूहळू पुन्हा उघडत आहेत, आणि ऑक्टोबरच्या रात्री शनी मुंबईतून मध्यमंडलावर सत्तर अंशांच्या आसपास उंच येतो. हंसाची शेपटी यांनी सांगितलेल्या चंद्रविरहित रात्री तेजोमेघांना द्याव्यात, आणि कोजागिरीच्या आसपासच्या उजेडाच्या रात्री ग्रहांना. अशा रीतीने जवळपास कोणतीच निरभ्र रात्र वाया जात नाही. ८० मिमी व्यासात फार बारकावे येणार नाहीत, पण बार्लो भिंग (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) लावून छोट्या चित्रफिती घेतल्या आणि त्यांतील निवडक चौकटी ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या तर, कडी पुरेशी उघडल्यावर, त्यांतली कॅसिनी फट (मुख्य कड्यांमधली काळी रेघ) धरण्याचा प्रयत्न करता येतो.

गच्चीवर जागा निवडताना मात्र काळजी घ्यावी. लिफ्टची मशीन रूम वरच असेल तर प्रत्येक वेळी लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना स्लॅबमध्ये हादरा जातो. ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खांबाच्या किंवा तुळईच्या वर येईल असा ठेवावा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून ग्रह उशिराच घ्यावेत. पाऊस संपल्यावर गच्चीवर शेवाळ राहते आणि फरशीखाली ओल मुरलेली असते, अशा वेळी खालून विजेची वायर ओढण्यापेक्षा १२ व्होल्टची बॅटरी वापरणेच सुरक्षित आहे.

बोरिवलीची गच्ची

एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. शून्य अंशांचा डार्क संच आज रात्रीच घरात लावून ठेवते, आणि कोजागिरीनंतरच्या पंचमीपासून एम२७ घेईन. देवयानी वांगणीसाठी राखून ठेवली. एकच शेवटचा प्रश्न: अजूनही संध्याकाळी अचानक ढग येतात आणि साहित्य उघड्यावर असते. त्याचा अंदाज कसा घ्यावा?

जुना भिंगवाला

हवामान खात्याच्या नोंदींनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण परतीच्या काळात दुपारच्या उष्णतेने सह्याद्रीवर गडगडाटी ढग तयार होतात आणि संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे, सरकतात. म्हणून ऑक्टोबरच्या पूर्वार्धात समुद्राकडे न पाहता पूर्वेकडे पाहावे. आपल्याला तर उद्यानाच्या डोंगरावरून ते दुरूनच दिसतील. संध्याकाळी सहाच्या सुमारास हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची लागोपाठची तीन-चार चित्रे पाहावीत आणि ढग वाढत आहेत की विरत आहेत हे ताडावे. मुंबईचे रडार चित्र त्याच्या जोडीला पाहिले तर पुढच्या तासा-दोन तासांचा अंदाज पुष्कळसा बरोबर येतो. रात्री मात्र उपग्रहाच्या अवरक्त चित्रावर एकट्यावर विसंबू नये, कारण समुद्रावरून येणाऱ्या खालच्या ढगांचे तापमान समुद्राच्या जवळपासच असते आणि ते त्या चित्रात नीट उमटत नाहीत. त्यांच्यासाठी डोळेच लागतात: शहराच्या उजेडाने खालून पिवळट उजळलेली पट्टी पश्चिमेला दिसू लागली की साधारण अर्धा तास हाती आहे असे समजावे.

वीज चमकताना दिसली तर ती कितीही दूर असो, वाट न पाहता गच्चीवरून खाली यावे. निरभ्र रात्रीही ड्यू हीटर (भिंगावर दव साचू न देणारी तापणारी पट्टी) भिंग ओले होण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच मंद चालू ठेवावा. काम संपल्यावर थंड झालेले साहित्य तसेच पेटीत बंद न करता झाकणे लावून पंख्याखाली तासभर राहू द्यावे आणि मगच सिलिका जेलच्या डब्यात ठेवावे. एम२७ चे पहिले छायाचित्र झाले की त्यातील चारही कोपरे मूळ आकारात इथे टाकावेत, म्हणजे भिंगाच्या डागांचा काही परिणाम होतो आहे का तेही पाहता येईल.